रुग्णाने सहकार्य केले नाही

सातव्या पायरीवर हणमंताकाकांनी बसकण मारली आणि ऑक्सिजनचे नळकांडे मांडीशी ओढून घेतले.

“लिफ्ट बंद असेल हे मला कळायला हवं होतं,” मी म्हणाले.

“असू दे गं.” प्रत्येक दोन शब्दांनंतर ते नाकातल्या नळीतून श्वास ओढत होते. “दम गेलेल्या माणसांची मीटिंग दुसऱ्या मजल्यावर ठेवलीय. डोकं आहे बघ सरकारला. जो वर पोचला तो ठणठणीत. जो पोचला नाही तो गैरहजर. तपासणी इथंच झाली की, फुंकणीबाई.”

मला फुंकणीबाई हे नाव त्यांनीच दिले होते. खडी क्रशरवर राबून छाती निकामी झालेल्या माणसांना मी यंत्रात फुंकायला लावते, एवढाच माझ्या पदवीचा अर्थ त्यांना लागला होता, आणि तो फारसा चुकीचा नव्हता. मी श्वसनोपचार तज्ज्ञ. फुप्फुसात हवा किती मावते आणि किती वेगाने बाहेर पडते हे मोजायचे, आणि अडलेला श्वास चालता ठेवायचा, हे माझे काम. त्या वेळी मी एका धर्मादाय दवाखान्यात नोकरीला होते. सरकारी रुग्णालयात आमच्यासाठी पदच नव्हते.

एकूण चौतीस पायऱ्या होत्या. काकांनी त्या पाच टप्प्यांत सर केल्या. त्यांच्यामागून दहा जण आले. उरलेले तीस खाली लिंबाच्या झाडाखाली बसून राहिले, कारण त्यांना पहिला टप्पाही झेपला नाही. या एक्केचाळीस जणांच्या कागदांच्या प्रती माझ्या पिशवीत होत्या, दुसऱ्या खांद्याला तपासणीचे यंत्र होते, आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात आणखी एक कागद होता. त्याबद्दल मी कोणालाच काही सांगितले नव्हते.

त्या गोष्टीला आता नऊ वर्षे झाली.

सभागृहात लांब टेबलाच्या मधोमध कामगारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी समितीच्या अध्यक्षा, आमदार विमलताई गरड बसल्या होत्या. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवत, आणि अजूनही समोरच्याने उत्तराआधी प्रस्तावना सुरू केली की त्यांच्या कपाळावर आठी पडे. त्यांच्या उजव्या हाताला तज्ज्ञ सल्लागार म्हणून डॉ. अरविंद देशमाने होते. क्रशर कामगारांना सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, दाखला द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळावर ते अठरा वर्षे होते. दाखला नसेल तर औषध नाही, पेन्शन नाही, ऑक्सिजन नाही. आता ते निवृत्त झाले होते. चेहरा तुकतुकीत होता, सफारी कडक इस्त्रीची होती. उजव्या हाताच्या दोन बोटांवर जुन्या सिगारेटींचा पिवळेपणा तेवढा शिल्लक होता.

मला त्यांनी ओळखले नाही. ओळखण्याचे कारणही नव्हते. लग्नानंतर मी विटकर झाले होते.

“बोला मॅडम,” विमलताई म्हणाल्या. “मागण्या किती?”

“दोन. हे एक्केचाळीस कामगार मंडळानं नाकारले, त्यांची फेरतपासणी व्हावी. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात श्वसनोपचार तज्ज्ञाचं एक पद असावं.”

“आज नाही म्हटलं तर?”

“तर फाइल बंद होईल. पुढची समिती नेमली जाईपर्यंत यांतले किती राहतील ते मी सांगू शकत नाही.”

मी कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी वरचा उचलला, वाचला. दुसरा वाचला. मग पत्ते पिसावेत तसे भराभर उलटले.

“सगळ्यांवर एकच शेरा? ‘रुग्णाने सहकार्य केले नाही. निष्कर्ष काढता येत नाही.’”

“ताई, त्याला इलाज नसतो,” देशमाने शांतपणे म्हणाले. आवाजात उद्धटपणा नव्हता. शिकवण्याची सवय झालेला तो आवाज होता. “ही माणसं अडाणी. फुंका म्हटलं की गालातल्या गालात फुंकतात. काही जण तर मुद्दाम कमी फुंकतात, दाखला मिळावा म्हणून. मग आम्ही काय लिहायचं?”

“मुद्दाम?” मागच्या खुर्चीवरून काका म्हणाले. “साहेब, आम्हाला मुद्दाम फुंकता आलं असतं तर लग्नाच्या बँडात गेलो असतो की. इथं कशाला आलो असतो?”

मागचे दहा जण हसले. हसण्याचा शेवट खोकल्यात झाला आणि खोकला थांबेपर्यंत सभा थांबली.

“आणि या पदाचं म्हणाल,” देशमाने पुढे म्हणाले, “तर नळी तोंडात द्यायची आणि फुंक म्हणायचं. आकडा यंत्र काढतं. आमच्याकडे हे काम शिपाई करायचा. त्याला चार वर्षांची पदवी कशाला हवी? लहान मूलसुद्धा फुगा फुगवतं.”

या वाक्याची मी वाट पाहत होते. वर्तमानपत्रात त्यांनी ते दोनदा म्हटले होते. फुग्यासकट.

“डॉक्टरांचं म्हणणं खरं असेल तर आमच्या दोन्ही मागण्या आत्ताच फेटाळा,” मी म्हणाले. “पाच मिनिटं द्या. यंत्र मी आणलंय. डॉक्टर स्वतः फुंकून दाखवतील. मंडळात जसं चालायचं, अगदी तसंच. मी शिपायाच्या जागी.”

विमलताईंच्या कपाळावरची आठी गेली. “काय हो डॉक्टर?”

“अवश्य!” ते हसले. “अहो, मी रोज सकाळी चार किलोमीटर चालतो.”

मी नव्या नळीचे वेष्टण त्यांच्यासमोरच फोडले. तरी त्यांनी खिशातून रुमाल काढून ती पुसली. मी यंत्रात नाव आणि वय घातले: अरविंद देशमाने, चौसष्ट.

“फुंका,” मी म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

या तपासणीत करवून घेणाऱ्याचे तोंड रुग्णाच्या तोंडापेक्षा जास्त चालावे लागते. आधी छाती काठोकाठ भरून घ्यायला लावायची, मग एका झटक्यात सोडायला लावायचे, आणि हवा संपली असे वाटू लागले की तिथून पुढे त्याला ढकलत न्यायचे, किमान सहा सेकंद. असे तीनदा. नाकाला चिमटा, ओठ घट्ट. यातले मी काहीच सांगितले नाही.

त्यांनी बोलताना घेतो तेवढाच श्वास घेतला आणि फुंकले. सुरुवात जोरकस झाली. मग घशात बारीकशी शीळ वाजली. तीन सेकंदांनी नळी तोंडातून काढून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“झालं?”

मी यंत्राकडे वळले.

यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. मी त्यावरची रेघ पाहिली. लागतो त्यापेक्षा एखादा क्षण जास्तच पाहिली. मग कागद विमलताईंना दिला.

“वयाच्या मानानं बावन्न टक्के,” त्यांनी वाचले. “म्हणजे?”

“म्हणजे निम्मी छाती गेलेली.”

“छे, छे!” देशमाने यांनी नळीकडे हात नेला. “श्वास नीट घेतला नव्हता मी. कुणी सांगितलंच नाही. परत घेतो.”

मी नळीवर हात ठेवला.

“द्या की त्यांना परत,” विमलताई म्हणाल्या.

“देते, ताई. आधी त्यांना एक विचारा. या एक्केचाळीस जणांना किती वेळा फुंकायला दिलं होतं?”

देशमाने यांनी चष्मा काढला. “दिवसाला साठ-साठ रुग्ण असायचे.”

“किती वेळा?” हा प्रश्न विमलताईंचा होता, वर्गात विचारावा तसा.

“एकदा.”

मी कागद परत मागून घेतला, पेन काढले आणि शेऱ्याच्या जागी लिहिले. अक्षर जितके सुवाच्य काढता येईल तितके काढले. विमलताईंनी ते मोठ्याने वाचले: “अरविंद देशमाने, वय चौसष्ट. रुग्णाने सहकार्य केले नाही. निष्कर्ष काढता येत नाही.”

मग मागून काका अगदी आर्जवाने म्हणाले,

“साहेब, सहकार्य करा की वो.”

या वेळी अधिकारीही हसले. देशमाने यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या लाल होताना मी नीट पाहून घेतल्या. एकवीस वर्षे मी ज्यासाठी थांबले होते ते इतके छोटे असेल असे मला वाटले नव्हते, पण ते पुरेसे होते.

“आता बरोबर कसं करायचं ते दाखवा,” विमलताई म्हणाल्या.

“काका, या.”

काकांनी नाकातली नळी काढून शेजारच्याच्या हातात दिली आणि समोर बसले. मी चिमटा लावला आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

“घ्या काका, घ्या, घ्या, अजून, पार बेंबीपर्यंत, अजून थोडा... आणि सोडाऽऽ! लावा जोर, अजूऽऽन, अजूऽऽन, हलतंय, सोडू नका, अजूऽऽन, हललं, हललं, अजूऽऽन...”

त्या सभागृहात एवढ्या मोठ्याने कधी कोणी ओरडले नसेल. काकांच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताणल्या, डोळ्यांत पाणी आले, पण फुंकर तुटली नाही. सहा सेकंद. मध्ये ऑक्सिजन देऊन, खोकला थांबू देऊन आम्ही तीनदा केले. तिन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. एकतीस टक्के. या माणसाच्या जुन्या कागदावर ‘निष्कर्ष नाही’ असे होते.

विमलताईंनी त्या तिन्ही रेघांवरून बोट फिरवले. मग शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, “फेरतपासणी, सगळ्यांची. आणि पदांची शिफारस. आजच्या आज टिपणी माझ्यासमोर हवी.” मग माझ्याकडे वळून, “हे ओरडणं कॉलेजात शिकवतात?”

“नाही ताई. हे खाणीतलं आहे. आम्ही वडार. मोठा धोंडा पहारींनी उचकटताना एक जण हाक देतो आणि बाकीचे दम लावतात. हाक नसेल तर आठ माणसांचा जोर आठ दिशांना जातो आणि धोंडा जागचा हलत नाही. चिंचखडीच्या खाणीत माझे वडील हाक द्यायचे.”

मी पिशवीच्या आतल्या कप्प्यातला कागद काढून देशमाने यांच्यासमोर ठेवला. घड्यांवर तो पिवळा पडला होता.

“यल्लप्पा धोत्रे. हा बेचाळिसावा. फेरतपासणीच्या यादीत नाही, कारण तपासायला माणूस उरलेला नाही.”

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. वडिलांना, म्हणजे दादांना, मंडळासमोर घेऊन गेले होते आणि दारातच उभी होते. शिपायाच्या एका हातात चहाचा ग्लास होता. दुसऱ्या हाताने त्याने दादांच्या तोंडात नळी दिली आणि म्हणाला, “फुंक.” दादांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले. ते वाट पाहत होते. जन्मभर ज्याने दुसऱ्यांना हाक दिली त्याला हाकेशिवाय दम लावायचा असतो हे ठाऊकच नव्हते. ते जरासे फुंकले आणि खोकले. टेबलामागून वर न पाहता आवाज आला, “सहकार्य करत नाही. पुढचा.”

बाहेरच्या बाकावर दादांनी मला विचारले, “सहकार्य म्हंजे काय गं?”

“मदत, दादा.”

“कुणी कुणाला करायची?”

ते अकरा महिन्यांनी गेले.

देशमाने यांनी कागद उजेडात धरला, सही आपली आहे याची खात्री करून घेतली, आणि म्हणाले, “मला आठवत नाही.” ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हते.

सभा संपल्यावर मी यंत्राच्या तारा गुंडाळत होते. काका पुढे जिन्याशी गेले होते. सभागृहात कोणी उरले नाही असे वाटत होते, तेवढ्यात देशमाने माझ्याजवळ आले. रुमाल अजून त्यांच्या हातातच होता.

“विटकर मॅडम.” आवाज आता शिकवण्याचा नव्हता. “ती रेघ... उतरतानाचा भाग मला वरवर दिसला. आत खचल्यासारखी वाटली.”

मी तार गुंडाळत राहिले.

“जोर कमी पडला तर रेघ नुसती बुटकी येते. अशी खचत नाही. मीही डॉक्टर आहे.” त्यांनी दाराकडे पाहिले. “चढावर हल्ली जरा... म्हणजे वयही आहे. तुम्ही मघाशी त्या कागदाकडे बराच वेळ पाहत होतात. एकदा नीट घेता का? तुमच्या पद्धतीनं? इथं आता कुणी नाही.”

मला ती रेघ दिसली होती. कागद बाहेर सरकतानाच दिसली होती. चढून लगेच पोटात खचलेली रेघ, सिगारेटने आखडलेल्या श्वासनळ्यांची. हाक न दिल्यामुळे आकडा कमी आला होता, पण ती खाच मी न बोलल्यामुळे आलेली नव्हती. ती त्यांच्या छातीत होती, आणि ते पायऱ्या चढून आले तेव्हापासून होती. मी लिहिलेला शेरा खोटा होता आणि तो लिहिताना मला ते ठाऊक होते. दहा मिनिटांचे काम होते. यंत्र समोर होते, नळी नवी होती.

मी पिशवीची चेन ओढली.

“तुम्ही सहकार्य केलं नाहीत, डॉक्टर,” मी म्हणाले. “निष्कर्ष काढता येत नाही.”

त्यांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली, आणि मला जायला वाट दिली.

काका वरून तिसऱ्या पायरीवर बसले होते.

“काय म्हणत होता?”

“काही नाही. वेळ विचारत होता.”

“त्याचा दम गेलाय,” काका म्हणाले. “फुंकताना खांदे उचलत होता. आम्ही उचलतो तसे. सांगितलंस का त्याला?”

“नाही.”

काकांनी तीन-चार श्वास घेतले. “बरं केलंस,” ते म्हणाले. दोन पायऱ्या उतरल्यावर पुन्हा बसले. “यल्लप्पानं सांगितलं असतं पण.”

“दादा मेले, काका.”

“ते हाय खरं,” ते म्हणाले, आणि मग आम्ही एकेक पायरी करत लिंबाच्या झाडापर्यंत गेलो.

फेरतपासणी झाली. एक्केचाळीसपैकी अडतीस जणांना दाखला मिळाला. तिघे तारखेआधीच गेले होते. काकांना घरी ऑक्सिजनचे यंत्र मिळाले आणि त्यावर ते चार वर्षे जगले, गावभर माझी टिंगल करत. पदे भरायला सरकारने दोन वर्षे लावली, पण भरली. जिल्हा रुग्णालयाच्या तळमजल्यावर मला एक खोली मिळाली. तळमजलाच हवा असा हट्ट मी धरला होता. पुढे मिनाज शेख ही दुसरी तज्ज्ञ माझ्या हाताखाली रुजू झाली. तिला मी खाणीतली हाक शिकवली. हडपसरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली ती मुलगी आठवड्याभरात चिंचखडीच्या माणसासारखी ओरडू लागली.

त्या सभेनंतर तिसऱ्या वर्षी, सोमवारी सकाळी, रांगेतल्या अकराव्या केसपेपरवर मी नाव वाचले. अरविंद देशमाने, वय सदुसष्ट. बाहेर चाकांच्या खुर्चीत एक वाळलेला माणूस बसला होता. सफारी तीच असावी. खांद्यांवरून ती ओघळली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि या वेळी ओळखले. नमस्कारासाठी हात अर्धवट वर आला.

“मिनाज,” मी म्हणाले, “हा पेशंट तू घे.”

मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. दार लोटलेले होते. आतून मिनाजचा आवाज आला. “घ्या बाबा, घ्या, घ्या, पार बेंबीपर्यंत... सोडाऽऽ! अजूऽऽन, हलतंय, सोडू नका, अजूऽऽन...”

माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते हे मला उशिरा कळले. मी सेकंद मोजत होते. सहा व्हायला हवेत. पहिल्या खेपेला तीन झाले. दुसऱ्या खेपेला चार. तिसऱ्या खेपेला मिनाजचा आवाज फाटला, आणि तिच्या आवाजाखाली शिळेसारखा तो श्वास ओढत, घासत, पण न तुटता पुढे जात राहिला. पाच. सहा.

तीन वर्षांपूर्वी औषध सुरू झाले असते तर किती वाचले असते, याचा हिशेब मला येतो. तो मी केला.

दार उघडून मिनाज कागद घेऊन बाहेर आली. तिच्या कपाळावर घाम होता.

“अठ्ठावीस टक्के, मॅडम. बिचारे जीव तोडून फुंकत होते.” तिने पेनाचे टोपण काढले. “शेऱ्यात काय लिहू?”

लोटलेल्या दाराच्या फटीतून देशमाने माझ्याकडे पाहत होते. छाती अजून वरखाली होत होती. त्यांना प्रश्न ऐकू गेला होता आणि ते उत्तराची वाट पाहत होते.

“लिही,” मी म्हणाले, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “रुग्णाने पूर्ण सहकार्य केले.”